बंदिशकारांच्या मागावर: गुणिदास, गुणिजन, रामरंग

यंदा शास्त्रीय संगीत ऐकण्याची यादी गायकांऐवजी बंदिशकारांच्या, म्हणजे रागातल्या चिजा रचणाऱ्यांच्या, नावाने लावली आहे. सदारंग-अदारंग हे अठराव्या शतकातले ख्यालरचनाकार आपण सगळेच ऐकत आलोय, म्हणून त्यांना तूर्त बाजूला ठेवून थेट विसाव्या शतकात आलो.

पहिला मुक्काम गुणिदास, म्हणजे पं. जगन्नाथबुवा पुरोहित (१९०४–१९६८). बुवा आग्रा घराण्याचे, आणि जोगकंस हा राग ही त्यांची निर्मिती. 'सुघर बर' हा विलंबित (संथ लयीतला) ख्याल आणि द्रुत (जलद लयीतली) 'पीर पराई', दोन्ही चिजा त्यांच्याच. पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात) जोग राग: चढताना शुद्ध गंधार, मध्यमावरून परतताना कोमल गंधार घेऊन षड्ज. मध्यमाच्या वर कोमल धैवत आणि शुद्ध निषाद, तो चंद्रकंस राग. दोन रागांचा सांधा मध्यमावर आहे आणि कुठेही खटकत नाही. पेटीवर नुसते आरोह-अवरोह वाजवून माझ्या हाती फारसं काही लागलं नाही. 'पीर पराई'चा मुखडा (सुरुवातीची ओळ) गुणगुणायला लागलो आणि दोन्ही गंधार आपापल्या जागी बसले. आता आलाप ऐकतानाही तो मुखडा मनात चालू असतो.

बुवांचे शिष्य पं. सी. आर. व्यास. त्यांची मुद्रा, म्हणजे बंदिशीत गुंफलेलं रचनाकाराचं टोपणनाव, 'गुणिजन'. गुरूंची बंदिश ते गातात तेव्हा शब्द जराही चुरगळत नाहीत, म्हणून शिकणाऱ्याने जोगकंस आधी त्यांचाच ऐकावा असं माझं ठाम मत आहे. त्यांनी बांधलेला धनकोनी कल्याण हा राग सध्या रोज संध्याकाळी लावतो.

खरा आनंद मात्र अलाहाबादच्या पं. रामाश्रय झा 'रामरंग' (१९२८–२००९) यांनी दिला. आपल्याकडे हे नाव अजून पुरेसं पोचलेलं नाही, याचं वाईट वाटतं. 'अभिनव गीतांजली'चे पाच भाग म्हणजे खजिना आहे: रागाची चर्चा सविस्तर, आणि बंदिशी स्वरलिपीसकट. हिंदी सोपं आहे, भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांची सवय असेल तर स्वरलिपीही लगेच वाचता येते. शुभा मुद्गल त्यांच्याच शिष्या, हे कळल्यावर त्यांच्या जुन्या ख्यालगायनाकडे नव्याने वळलो.

या शोधात एक अडचण सगळ्यांनाच येईल. मुद्रा बहुधा अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, असते, आणि मैफलीत विलंबित ख्यालाचा अंतरा कित्येकदा गायलाच जात नाही. मग बंदिशकार कोण ते ऐकून कळत नाही. अशा वेळी मुखडा लिहून घ्यायचा, राग धरून पुस्तकात शोधायचा आणि तिथे अंतरा वाचायचा. वेळ जातो, पण चीज पाठ होते ती अशीच.

पुढचा टप्पा आचार्य रातंजनकर 'सुजान' आणि त्यांचे शिष्य पं. के. जी. गिंडे. रातंजनकरांच्या सालगवराळी रागापासून सुरुवात करणार आहे. अंतऱ्यासकट पूर्ण गायलेलं ध्वनिमुद्रण कुणाच्या संग्रहात असेल तर जरूर कळवा.