मे नाम खोंग आणि डॉक्टरचे बूट

रविवार रात्र, पाकबेंग

अंगात अजून इंजिनाची धडधड आहे. कॉटवर आडवा झालो तरी पाठीखालचं सगळं हलतंय असं वाटतं. बाकीचे तिघं खाली जेवणाच्या टेबलावर रेंगाळलेत. ते वर यायच्या आत आजचं लिहून काढतो, नाहीतर उद्या निम्मं विसरेन.

सकाळी थायलंडच्या चियांग खोंगहून पूल ओलांडून लाओसमध्ये उतरलो. इथल्या ह्वे साय गावाहून बोटीनं मेकाँग नदी उतरत दोन दिवसांत लुआंग प्रबांगला जायचं, मधे पाकबेंगचा मुक्काम. ह्वे सायला पैसे बदलले. आमचा मास्तर गणिताचा. त्यानं उभ्याउभ्या हिशेब लावला: एका रुपयाला अडीचशेच्या आसपास किप, म्हणजे एक लाखाची नोट चारशे रुपयांची. नोट उन्हात धरून बघत म्हणाला, "लखपती व्हायला साठी उलटावी लागली बघ लेका." मग आम्ही चार लखपतींनी धक्क्यावर लांबडे पाव घेतले. फ्रेंच गेले, पाव राहिला. आमच्यात अंडं घालून, माळकरी अण्णाच्यात नुसती काकडी आणि टोमॅटो.

बोट लाकडी, अरुंद आणि लांबच लांब. मागच्या टोकाला इंजिन आणि नावाड्याचा संसार: चूल, पाळणा, दोरीवर वाळणारे कपडे. चढताना पायातलं काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवायचं. आत दोन ओळीत जुन्या मोटारींच्या सीटा, लाकडी चौकटीवर बसवलेल्या. त्या तळाला ठोकलेल्या नाहीत हे डॉक्टरच्या ध्यानात आलं आणि त्यानं आपली सीट गर्रकन फिरवली. मग मास्तरनं, मग मी. घाटावरच्या कट्ट्यासारखे समोरासमोर बसलो. अण्णाची सीट फिरवायला गेलो तर म्हणाला, "असू दे. मला नदी बघायचीय."

अण्णाचं इथं लिहायलाच हवं. वहिनी गेल्या त्याला दिवाळीत वर्ष झालं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी सांगलीच्या घाटावर येतो, आमच्यात बसतो आणि पाण्याकडं बघत राहतो. शाळेत असताना आम्हा तिघांना कृष्णेत पोहायला शिकवणारा हाच. पोहता पोहता इतकं हसवायचा की नाकातोंडात पाणी जायचं. ही ट्रिप कशासाठी काढली ते कुणी तोंडानं बोललं नाही, पण तिघांनाही माहीत होतं. अण्णा हो म्हणाला तो 'नदी' या एका शब्दावर.

आणि नदी तरी कसली! तिबेटच्या पठारावरून निघते आणि ४,३०० किलोमीटरहून जास्त वाट चालून व्हिएतनाममध्ये समुद्राला मिळते. पहिला काही वेळ उजवा काठ थायलंडचा आणि डावा लाओसचा होता, मग दोन्ही काठ लाओसचे झाले. जानेवारीत पाणी उतरलेलं असतं, त्यामुळं काळे खडक हत्तीच्या पाठीसारखे वर आलेले आणि मधे पांढऱ्या वाळूचे पट्टे. वाळूत भुईमुगाचे वाफे. भुईमूग दिसल्यावर डॉक्टर उठून उभाच राहिला.

जिथं खडक दाटीनं येतात तिथं नावाडी बोट अशी काही वळवतो की पोटात गोळा येतो. अशाच एका वळणाला मास्तर सीटसकट निघाला. मधल्या वाटेवरून सरळ मागं. तांदळाची पोती, कांद्याच्या जाळ्या, कोंबड्याची डालगी सगळं मागं टाकत थेट इंजिनाच्या दारापर्यंत. हातात भडंगाची परात होती. भडंगाचा एक दाणा सांडला नाही. तिथून नावाड्याची बायको त्याला सीटसकट, हातगाडी ढकलावी तशी ढकलत पुढं घेऊन आली आणि बोटीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरनं बसल्या जागेवरून तिला भडंग दिला. तो तिनं आधी हुंगला, मग मूठ भरून घेतला. अण्णाच्या ओठाचा एक कोपरा हलला. डॉक्टरनं माझ्या पायावर पाय ठेवला. त्यानंही बघितलं होतं.

दुपारी पुढच्या सीटवरच्या आजीनं बांबूची टोपली उघडली. आत चिकट भात, खाओ निआव. तिनं चार गोळे करून आमच्या हातावर ठेवले. अण्णानं आमची शेंगदाण्याची चटणी पुढं केली. आजीनं गोळा चटणीत दाबला, खाल्ला, डोळे मिटले आणि दुसरा केला. मग तिनं स्वतःची लाल चटणी काढली, लुआंग प्रबांगकडची जेओ बोंग. अण्णाचा हात पुढं गेला. आजीशेजारी एक कॉलेजची पोरगी होती, आमच्या चौघांचं बोलणं कौतुकानं ऐकत होती. अण्णाच्या गळ्यातली माळ बघून असेल किंवा काकडीचा पाव बघून असेल, तिनं "नो, नो" म्हणत त्याचा हात अडवला. पण त्यात काय आहे ते सांगायला इंग्रजी शब्द आठवेना. मग तिनं डोक्यावर दोन बोटं धरली.

"हरीण," डॉक्टर म्हणाला.

"बैलगाडी," मास्तर म्हणाला.

पोरीनं मान हलवली आणि स्वतःच्या दंडाची कातडी चिमटीत धरून दाखवली. भोवती सगळी बोट जमा झाली, जो तो आपापल्या भाषेत ओरडतोय, नुसता दमशेराज. शेवटी काठावर डुंबणाऱ्या म्हशी दिसल्या आणि पोरगी आनंदानं किंचाळली. म्हशीचं कातडं! वाळवून चटणीत घालतात. अण्णानं हात मागं घेतला आणि आजीला नमस्कार केला. आजीनं त्याला उलट नमस्कार केला, आपल्यासारखाच हात जोडून.

त्याच पोरीनं सांगितलं की मेकाँग हे बाहेरच्यांच्या तोंडातलं नाव. त्यांची ती 'मे नाम खोंग'. मे म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी. आणि आजीला हाक मारायचीही 'मे' अशीच. अण्णा बराच वेळ ते शब्द स्वतःशी म्हणत होता. मग एवढंच बोलला, "म्हणजे मायच की."

संध्याकाळी पाकबेंगला उतरलो. एकच रस्ता, तोही चढाचा. रात्री जेवणात पापडासारखं काहीतरी आलं, वर तीळ, तेलात तळलेलं. खाय पेन. नदीतलं शेवाळ, उन्हात वाळवलेलं. अण्णाची हरकत नव्हती. मास्तर म्हणतो, "आख्खा जन्म कृष्णेच्या शेवाळावरून घसरण्यात गेला, खाल्लं मात्र इथं."

वर यायला लागलेत सगळे. थांबतो.

सोमवार रात्र, लुआंग प्रबांग

आज काय लिहू आणि काय नको!

सकाळी धक्क्यावर धुकं. पाच हातांवरचं दिसेना. डॉक्टर आधी येऊन उभा होता, समोरच्या काठावर हत्ती आंघोळीला उतरतात म्हणून. दोन-तीन मोठ्या सावल्या पाण्यात हलल्या, तेवढंच. खाली बोटी एकीला एक लावून बांधलेल्या, पलीकडचीत जायचं तर अलीकडचीतून जावं लागतं. पहिलीच बोट आमची कालची. टोकाला बांधलेली तीच झेंडूची माळ, दोरीवर तेच कपडे. आम्ही बिनधास्त चढलो. पादत्राणं पिशवीत घातली, आपापल्या सीटा ओळखल्या, फिरवल्या, भडंग काढला. अण्णा काल जिथं बसला होता तिथंच, नदीकडं तोंड करून बसला.

बोट हलली. धुक्यात दिशा कळत नव्हती. आणि शेजारच्या बोटीतून जेवणाच्या डब्यावर चमचा बडवल्याचा आवाज आला. बघतो तर कालची आजी कठड्याला धरून उभी. डबा बडवतीय, दुसरा हात खालच्या अंगाला करून ओरडतीय, "लुआंग प्रबांग! लुआंग प्रबांग!" आणि मग आमच्याकडं बोट दाखवून वरच्या अंगाला, "ह्वे साय! ह्वे साय!"

कालची बोट परत निघाली होती. पुढं जायला दुसरी बोट असते, हे सगळ्यांना ठाऊक असावं, आम्ही चौघं सोडून. नावाड्याच्या बायकोनं कपाळावर हात मारला, हसत हसत नवऱ्याला हाक घातली. त्यानं बोट वळवून शेजारच्या बोटीला टेकवली. मग पळापळ. सॅक इकडून तिकडं फेकल्या. मास्तर भडंगाची परात घेऊन पलीकडं गेला, आजही दाणा सांडला नाही. मी गेलो, डॉक्टर गेला. अण्णा कठड्यावर पाय टाकून थबकला, दोन बोटींच्या मधे खाली पाणी. आजीनं हात पुढं केला. "मे," अण्णा म्हणाला आणि तिचा हात धरून इकडं आला.

बोट सुटली, धुक्यात दिसेनाशी झाली. तेव्हा डॉक्टर पायाकडं बघून म्हणाला, "माझी पिशवी?"

बूट ह्वे सायला चालले होते.

आणि अण्णा हसायला लागला. आधी नुसता खांदा हलला. मग पोट धरून, मग सीटवर आडवा होऊन. "अरे आपण परत चाललो होतो... सीटा बिटा फिरवून... भडंग खात..." एवढं बोलायला त्याला चार वेळा थांबावं लागलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला बघून आम्ही, आम्हाला बघून आजी, आजीला बघून ती पोरगी. माझ्या बरगड्या अजून दुखतायत. वर्षभर या आवाजाची वाट बघत होतो. शाळेतलाच आवाज, तसाच, शेवटी खोकल्यात अडकणारा.

हसून झाल्यावर अण्णा उठला आणि त्यानं आपली सीट आमच्याकडं फिरवली.

मग तो बोलायला लागला. लग्न होऊन महिना झाला होता. अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला निघाले आणि सांगली स्टेशनवर पुण्याच्या गाडीत बसले. किर्लोस्करवाडीला उतरले. परतीच्या गाडीला वेळ होता. वहिनींनी बाकावर दशमीचा डबा उघडला आणि त्या सारख्या हसत होत्या. "एवढं देवीला भेटायला निघालो आणि तोंड भलतीकडंच!" असं म्हणत होत्या. "मी फुगून बसलो होतो," अण्णा म्हणाला. "नव्या बायकोपुढं चूक झाली म्हणून. ती दशमी पुढं करतीय, हसतीय, आणि मी तोंड फिरवून. नंतर कधीतरी ह्यावर दोघं मिळून हसायचं असं मनात होतं. चाळीस वर्षं होती रे. राहून गेलं."

कुणी काही बोललं नाही. डॉक्टरनं त्याच्या हातावर शेंगदाण्याची चटणी लावलेला भाताचा गोळा ठेवला. तो त्यानं खाल्ला आणि पुढं सांगायला लागला. वहिनींचं पहिलं आंब्याचं लोणचं, त्यांचं सायकल शिकणं, भिशीतल्या मैत्रिणी. दोन्ही काठांनी डोंगर सरत होते, सागाची झाडं, बांबूची बेटं, वाळू चाळून सोनं शोधणाऱ्या बायका. मधे एक स्पीडबोट कानठळ्या बसवत गेली, आतली माणसं हेल्मेट घालून गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. ती गेल्यावर अण्णानं वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच धरलं. तीन तास बोलत होता. आम्ही ऐकत होतो.

दुपारी आजी उतरली. तिथं धक्का नव्हता, फलाट नव्हता. नावाड्यानं बोटीचं नाक नुसतं वाळूला टेकवलं. कुणीतरी तिचं तांदळाचं पोतं उतरवलं. अण्णानं राहिलेला सगळा भडंग पिशवीत बांधून तिला दिला आणि वाकून पायाला हात लावला. तिला ते समजलं की नाही कोण जाणे, पण तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वर गावात चार घरं आणि एक चाफा. हाच तो डोक चंपा, लाओसचं राष्ट्रीय फूल. आपल्याकडं देवळाच्या अंगणात असतो तो.

लुआंग प्रबांगच्या अलीकडं नदीत धरणाचं काम चाललंय. १,४६० मेगावॅटचं. डोंगरात कोरलेले रस्ते, क्रेन, पाण्यात उभं राहिलेलं काँक्रीट. बोटीतलं बोलणं आपोआप थांबलं. सांगलीच्या माणसाला धरण म्हटलं की २०१९ चा पूर आठवतो, गच्चीवर काढलेल्या रात्री आठवतात. मला त्या वाळूतल्या भुईमुगाची काळजी वाटली, आणि पाणी उतरल्यावर तिथं वाफे करणाऱ्या माणसांची. पाणी उतरलंच नाही तर ती कुठं पेरणार? ती पोरगी काँक्रीटकडं पाठ करून बसली होती. मी तिला काही विचारलं नाही.

पुढं उजेड कलायला लागला तेव्हा डाव्या हाताला नाम ऊ नदी येऊन मिळाली आणि समोरच्या कड्यात पाक ऊच्या गुहा दिसल्या. आत बुद्धाच्या हजारो लहानमोठ्या मूर्ती आहेत. बोट थांबत नाही. अण्णानं चालत्या बोटीतूनच हात जोडले.

धक्का गावापासून लांब आहे, टुकटुकनं यावं लागतं. डॉक्टर सगळा चढ अनवाणी चढला. वर एका दुकानात चपला होत्या, पण त्याच्या मापाच्या नव्हत्या, आता उद्या बघायचं. पहाटे भिक्खूंची रांग निघते, लोक रस्त्याकडेला बसून त्यांच्या पात्रात भात घालतात. पाचला उठायचंय.

चौघं एकाच खोलीत आहोत. दिवा घालवून अर्धा तास झाला, मी मोबाइलच्या उजेडात लिहितोय. मगाशी अंधारात अण्णा एकटाच खुदकन हसला.

"काय रे?" मास्तरनं विचारलं.

"बूट," अण्णा म्हणाला. "पोचले असतील आता."