आमची वाटचाल : आधी यंत्र, मग पत्र

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, सिलिंडर बनवायचं आणि दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. वडिलांनी एका लेथवर जॉबवर्क सुरू केलं तेव्हा गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नसे. शेजारच्या फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) माणूस रॉड खांद्यावर टाकून यायचा, काम सांगून जायचा. आता खरेदी अधिकारी हुबळीत असो, शिरोलीत असो की चाकणला, आमचा फोन घ्यायच्या आधीच त्याने चौघांचे दर मोबाईलवर बघितलेले असतात. व्हॉट्सॲपवर कॅटलॉगचा ढीग. सगळ्यांत तेच फोटो, तोच 'उत्तम दर्जा, वाजवी दर'. वर त्याचं नाव घातलेलं असतं, पण ते सॉफ्टवेअरने घातलंय हे त्याला लगेच कळतं.

आम्ही आधी त्याचं यंत्र कुठलं ते विचारतो.

फाउंड्रीचंच घ्या. इंडक्शन भट्टी कलती करणारा सिलिंडर सतत झळीत असतो. आतली गळती अडवणारं साधं नायट्राइल (रबराचं) सील साधारण 100 अंशांपर्यंत तग धरतं, पुढे कडक होऊन तडकतं. तेल गळून पेट घेऊ नये म्हणून काही जण तेलाऐवजी वॉटर ग्लायकॉल हे सहजी पेट न घेणारं, पाणी असलेलं द्रव वापरतात आणि त्यात साधं पॉलियुरेथेन सील टिकत नाही. म्हणून फाउंड्रीला पाठवायच्या पत्रात आमची पहिली ओळ असते : 'तुमच्या भट्टीच्या सिलिंडरमध्ये तेल आहे की वॉटर ग्लायकॉल?' कॅटलॉगला उत्तर न देणारा माणूस या प्रश्नाला उत्तर देतो, कारण गळतीमुळे भट्टी थांबते तेव्हा बोलणी त्यालाच बसतात.

ही माहिती विकत मिळत नाही. ती आमच्या दुरुस्तीच्या वहीत असते. आलेला प्रत्येक सिलिंडर उघडला की बोअर (आतला व्यास), स्ट्रोक (रॉडची धाव), सील कुठे फाटलं, तेलाचा रंग, सगळं लिहायचं हा इथला नियम आहे. रॉडवरचं क्रोम एकाच बाजूने घासलेलं दिसलं तर सिलिंडरवर आडवा भार येतोय. बहुतेक वेळा सिलिंडर जिथे यंत्राला जोडलेला असतो तिथलं पिन-बुश झिजलेलं असतं. मग बिलाबरोबर घासलेल्या बाजूचा फोटो जातो आणि खाली दोन ओळी : 'नवीन रॉड बसवण्याआधी बुश बघा, नाहीतर हाही असाच जाईल.' त्यात आमची विक्री काहीच नसते. पण पुढचं मोठं काम निघालं की तोच मेंटेनन्सवाला खरेदी विभागाला आमचं नाव सांगतो. माझ्या मते छोट्या कारखान्याला याहून चांगला सेल्समन मिळणार नाही.

साखर कारखान्यांचं गणित वेगळं. आपल्या जिल्ह्यात ते भरपूर. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं, आणि हंगामात तिथल्या इंजिनिअरला मान वर करायलाही सवड नसते. त्याला लिहायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, ओव्हरहॉलिंगच्या याद्या होत असताना, आणि तेही त्याच्या मिलच्या वरच्या रोलरला दाब देणाऱ्या हायड्रॉलिकबद्दल.

भाषेचंही तसंच. संकेश्वर, निपाणीकडे मराठीतून काम होतं; बैलहोंगल, गोकाकला आमचा सुपरवायझर कन्नडमधून बोलतो; चाकणला ईमेल इंग्रजीत जातो. 'काय ओ, त्या प्रेसचं काय झालं?' असं फोनवर विचारलं की पलीकडचा माणूस मोकळा होतो.

यात वेळ जातो. दिवसाकाठी मोजकीच पत्रं होतात. सध्या मुलगी जुन्या वह्या संगणकात चढवतेय, कारखान्यागणिक आणि यंत्रागणिक. पत्राचा मसुदा संगणकाने केला तरी चालेल, पण वहीतली नोंद वाचल्याशिवाय पत्र पाठवायचं नाही, हे आमच्यात ठरलंय.