तुम्ही विचारलंत म्हणून: नव्वद किलोमीटरवरच्या वाऱ्याचा उपयोग काय?

"पाऊस सांगता येत नाही, मग एवढ्या उंचावरचा वारा मोजून उपयोग काय?" लग्नात, बारशात, तासगावच्या स्टँडवर, सगळीकडे हेच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

पाऊस, गारा सगळं खालच्या पंधरा-सोळा किलोमीटरांत. माझं काम त्याच्या कितीतरी वर. उन्हानं खालची वाफ आणि वरचा ओझोन तापतो, रात्री निवतो; त्यातून सबंध वातावरणाला 24 आणि 12 तासांची भरती-ओहोटी येते. वर हवा विरळ होते तशी ही लाट फुगते. सांगलीत जमिनीवर ती हवेच्या दाबातला दोन-तीन मिलिबारांचा चढउतार. 90 किलोमीटरवर तिचाच सेकंदाला कित्येक मीटरांचा वारा होतो. हा आडवा वारा कोल्हापूरच्या रडारनं मोजता येतो. उभा, म्हणजे वर-खाली जाणारा वारा मात्र सेकंदाला सेंटिमीटरांत. रडारचा सरळ वर सोडलेला झोत (बीम) एक अंशानं कलला, तर सेकंदाला 50 मीटरच्या आडव्या वाऱ्यातले 87 सेंटिमीटर उभ्या मापात घुसतात आणि हवं ते बुडतं.

आता एका मार्चची गोष्ट. काकांच्या शेडवर बेदाणा सुकत आला होता. दुपारी चारला त्यांनी मोबाइलवरचा दाब दाखवला. "सकाळी धापासनं उतरलाय बघ. पाऊस हाय का?" म्हटलं, काका, हा रोजचाच उतार, दहाला चढतो, चारला उतरतो, यावरून पाऊस ठरत नाही. आजही हेच सांगेन. रात्री वीज कडाडली. आम्ही धावलो तोवर वाऱ्यानं शेडचा कागद फाडला होता. वरच्या जाळ्यांवरून पाणी खालच्या जाळ्यांवर गळत होतं. बॅटरीच्या उजेडात काकू पदरानं मणी टिपत होत्या. सकाळी माल काळपट, बोटांना चिकटणारा. काका गप्प. चुलतभाऊ मात्र मजुरांदेखत बोलला, "घरात हवेचा डॉक्टर असून काय फायदा?"

तोवर उपयोग विचारला की माझं उत्तर तयार असायचं: वरची हवा फुगली की उपग्रहांना जास्त घासते, त्यांची कक्षा उतरते. खरंच आहे ते. पण त्या जाळ्यांपुढे मला ते उच्चारवेना. त्याआधी तर मी म्हणायचो, ज्ञानाला उपयोग विचारूच नये. आता तसं म्हणवत नाही. ज्याचा माल भिजला त्यानं विचारावंच.

तरी काम सोडणार नाही. त्या सेंटिमीटरभर उभ्या वाऱ्यानं वरचा सुटा, म्हणजे एकेकट्या अणूंचा ऑक्सिजन खाली येतो, उतरणारी हवा दाबून तापते, चढणारी निवते. ते मोजल्याशिवाय त्या नव्वद किलोमीटरवरच्या थराचा हिशेब जुळत नाही, आणि तो जुळावा असं मला मनापासून वाटतं. चुलतभावाला हे अजून पटलेलं नाही.