इंग्लंडातला सरवा

सप्टेंबरअखेरच्या रविवारी इंग्लंडातल्या चर्चमध्ये गेलात तर वेदीच्या पायऱ्यांवर भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा भाजलेला पाव आणि त्याभोवती टिनच्या डब्यांची रास दिसेल. हा हार्वेस्ट फेस्टिव्हल, कापणीचा सण. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावच्या रॉबर्ट हॉकर या पाळकांनी 1843 साली चर्चमधल्या या सणाला आजचं रूप दिलं. शहरात आता शेत कुणाकडे आहे? म्हणून लोक बेक्ड बीन्स आणि टोमॅटोचे डबे आणतात, आणि आठवड्याभरात ते गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकेत पोचतात.

गावी फोनवर हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "अगं, तिकडेही माणसं उपाशी असतात?" असतात. नोकरी गेली आणि युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीसाठी अर्ज केला, तर पहिला हप्ता हातात यायला साधारण पाच आठवडे लागतात. तोवर घरभाडं थांबत नाही, आणि प्रीपेड मीटरमध्ये पैसे भरले नाहीत तर वीजही नसते. या काळासाठी ट्रसेल ही ख्रिस्ती पायावर उभी राहिलेली संस्था तीन दिवसांचा शिधा देते. संस्था 1997 ची, तिची पहिली फूड बँक सॉल्सबरीत 2000 साली सुरू झाली. आज तिच्या कितीतरी फूड बँका चर्चच्या सभागृहात चालतात आणि येणाऱ्याचा धर्म कुणी विचारत नाही.

बायबलमध्ये याला जुना शब्द आहे, आणि तो आपल्या शेतातलाच आहे: सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं. लेवीयच्या पुस्तकात सांगितलंय की शेत अगदी कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मवाबातून आलेली विधवा रूथ बवाजच्या शेतात सरवा वेचायची, त्यावर तिचं आणि सासू नामीचं पोट भरायचं. सरव्याचा मोठेपणा असा, की वेचणाऱ्याला दात्यापुढे हात पसरावा लागत नाही. फूड बँकेचं सगळं काम याच एका गोष्टीसाठी नीट व्हावं लागतं.

आलेला माल आधी वजनकाट्यावर जातो. मग प्रत्येक वस्तूवरची तारीख शोधून ती काळ्या मार्करने मोठ्या अक्षरात, महिना आणि वर्ष एवढीच, वर लिहितात. जवळच्या तारखेचं पुढे, लांबचं मागे. 'यूज बाय' उलटलेलं काहीही देता येत नाही, कारण ती सुरक्षिततेची तारीख असते. 'बेस्ट बिफोर' ही चवीची तारीख. फुगलेला, गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा बाहेर काढायचा. क्रेटमध्ये नुसते डबे भरायचे नाहीत: 400 ग्रॅमचे 24 डबे म्हणजे आतलं अन्नच साडेनऊ किलोच्या वर, आणि उचलणारे बरेचजण सत्तरीतले असतात.

आपल्या मराठी घरांतून मन मोठं असतं, पण वस्तू चुकतात. दहा किलो तांदळाची गोण येते आणि तशीच पडून राहते, कारण ती एका घराला देता येत नाही आणि सुटं करून बांधायची सोय नसते. 500 ग्रॅमची किंवा किलोची पाकिटं आणावीत. घरचे लाडू, चिवडा घेत नाहीत. लेबल नसलं तर शेंगदाणा, तीळ, गहू यांतलं काय आहे ते ॲलर्जी असलेल्याला कळणार कसं? कोरडा राजमा तर नकोच. तो रात्रभर भिजवून, पाणी बदलून, चांगला खळखळून उकळावा लागतो, कच्चट राहिला तर उलट्या होतात. मीटरमध्ये दोन पाऊंड उरलेल्या माणसाकडून ही अपेक्षा कशी करायची? शिजवलेल्या राजम्याचा डबा द्यावा. तूरडाळीला कुकर लागतो. मसूरडाळ वीस मिनिटांत साध्या पातेल्यात होते. डबा शक्यतो कडी ओढून उघडणारा घ्यावा, कारण हॉस्टेलच्या खोलीत ओपनर असेलच असं नाही.

ज्यांच्याकडे चूलच नाही त्यांच्यासाठी निराळी पेटी असते, तिला केटल बॉक्स म्हणतात. तिच्यात फक्त उकळतं पाणी ओतून होणारं सामान: कपात होणारं सूप, इन्स्टंट नूडल्स, झटपट ओट्स, चहा, बिस्किटं, न नासणारं दूध. हे आधी विचारलं नाही तर माणूस पास्ता घेऊन घरी जातो आणि पाकिटाकडे बघत बसतो.

म्हणून वाटपाच्या दिवशी टेबलाशी बसणाऱ्याचं काम सगळ्यांत अवघड. आधी चहा, मग चारच प्रश्न: घरात किती जण, काही वर्ज्य आहे का, शिजवायला काय आहे, बाळाला लंगोट लागतात का आणि कुठल्या मापाचे. "ही वेळ का आली?" हे विचारायचं नाही, ते शिधा मिळण्यासाठीचं व्हाउचर देणाऱ्या डॉक्टरने, शाळेने किंवा सल्ला केंद्राने आधीच पाहिलेलं असतं. प्रार्थना समोरच्याने मागितली तरच. दुष्काळात भाकरीसाठी बाटले, हा टोमणा महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. अन्नाला कुठलीही अट चिकटता कामा नये, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मुलांना यात घ्यायचं तर नाताळची उलटी दिनदर्शिका छान: नाताळ येईपर्यंत दिनदर्शिकेतून रोज एक खाऊ घेण्याऐवजी रोज एक वस्तू खोक्यात टाकायची. मात्र सुरुवात 1 नोव्हेंबरला करावी. 24 डिसेंबरला भरलेलं खोकं नाताळच्या जेवणापर्यंत कुणाच्या घरी पोचत नाही. उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आठवड्याचं एक बाहेरचं जेवण वगळून ते पैसे दिले तर आणखी बरं: दाता इथला करदाता असेल तर गिफ्ट एड या करसवलत योजनेमुळे संस्थेला प्रत्येक पाऊंडामागे सरकारकडून 25 पेन्स जादा मिळतात. आणि ऑगस्ट विसरू नये. शाळेला सुट्टी असते, शाळेतलं फुकट जेवण बंद असतं, आणि कापणीचा सण अजून महिनाभर लांब असतो.

ज्यांची मुलं इकडे शिकायला आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. स्टुडंट व्हिसावर 'पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते, घ्यायला मनाई असते, पण फूड बँकेचा शिधा त्यात मोडत नाही. तो घेतल्याने व्हिसाला धक्का लागत नाही. पैसे वाचवायला तिथे जाऊ नये, पण खरोखर अडल्यावर लाजेने चार दिवस ब्रेडवर काढण्याची गरज नाही. व्हाउचरसाठी विद्यापीठाच्या सल्ला कक्षात, सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत किंवा आपल्या डॉक्टरकडे विचारायला सांगा. फूड बँक आठवड्यात दोन-तीन दिवस, तेही थोडाच वेळ उघडी असते, म्हणून वेळ बघून जावं. आणि जाताना मजबूत बंदांच्या दोन पिशव्या न्याव्यात, डबे जड असतात.