रिपोर्टमध्ये शून्य

मराठी पिक्चर काढतो म्हटलं की लोक पहिलं विचारतात हिरोइन कोण. प्रोड्युसरचं निम्मं आयुष्य कागद आणि ईमेल यातच जातं हे सांगून कुणाला पटत नाही. आमच्या पिक्चरमध्ये बैलाचे दोन सीन आहेत, बैल जत तालुक्यातला आणि त्याची परवानगी मिळते हरियाणात, बल्लभगडला, प्राणी कल्याण मंडळाकडून, ती नसेल तर सेन्सॉर पुढे सरकत नाही. त्या बाबतीत माझी फाइल एकदम चोख असते, हे मी मुद्दाम सांगतो. गाडी अडली ती रिलीजनंतरच्या रविवारी.

पुण्यातलं एक मल्टिप्लेक्स, नाव नको. तिथे आम्हाला रोज एक शो, सकाळी सव्वादहाचा. सकाळी सव्वादहाला कोण सहकुटुंब पिक्चरला जातं? पण रविवारी सिंहगड रोडच्या एका सोसायटीचा भिशीचा ग्रुप आला होता, शिवाय सुटी तिकिटं, सत्तरच्या आसपास माणसं झाली. मी मागे दाराशी उभा. जाहिराती झाल्या, राष्ट्रगीत झालं, लोक परत खुर्च्यांवर बसले आणि पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, मग लाइट लागले.

आता हे जरा समजून घ्या. हल्ली पिक्चर थिएटरात जातो तो कुलूपबंद फाइल म्हणून, त्याला डीसीपी म्हणतात, शंभर-दीडशे जीबीचा ऐवज. त्याची किल्ली म्हणजे केडीएम, काही केबीची फाइल, ईमेलवर येते. ही किल्ली थिएटरची नसते, त्या एका स्क्रीनच्या सर्व्हरची असते, अमुक तारखेच्या अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत. तीन नंबरची किल्ली पाच नंबरला लागत नाही, भिंत एकच असली तरी. मोठ्या पिक्चरसाठी सगळ्या स्क्रीनच्या किल्ल्या आधीच निघतात, आमच्यासारख्यांना बुकिंग आलेल्या स्क्रीनची तेवढी.

आणि त्या सकाळी आमचा शो तीनवरून पाचला सरकवला होता, कारण तीन मोठी स्क्रीन आणि हिंदी पिक्चर जोरात. मॅनेजर पंचविशीतला मुलगा, घाम फुटलेला.

"सर, शेड्यूल वरूनच आलं."

"अरे पण किल्ली तीनची आहे ना?"

"कंटेंट ट्रान्सफर झालाय सर, मला वाटलं चालेल."

किल्ली काढून देणाऱ्या लॅबला फोन, डिस्ट्रिब्युटरला फोन, रविवारी सकाळी फोन उचलायला एकच मुलगा ड्युटीवर, त्याला बिचाऱ्याला आधी डिस्ट्रिब्युटरचा ईमेल हवा, त्याशिवाय तो किल्ली काढणार नाही, आणि डिस्ट्रिब्युटर साहेब आंघोळीला. किल्ली आली तोवर अकरा वाजत आलेले. पिक्चर दोन तास आठ मिनिटांचा, त्यात इंटरव्हल, आणि पाच नंबरला पावणेएकला दुसरा शो. गणित बसेना. मॅनेजर म्हणाला शो रद्द, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. पैसे परत घ्या नाहीतर साडेअकराच्या हिंदीला बसा, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. भिशीचा जवळजवळ सगळा ग्रुप हिंदीला बसला. घरून निघालेली माणसं, ती काय परत जाणार? एक काकू जाता जाता मला म्हणाल्या, "ओटीटीवर कधी येतोय हो? नक्की बघू." चांगल्या मनाने म्हणाल्या, त्यांना काय बोलणार.

इथवर ठीक, अपघात होतात. खरा तिढा सोमवारी.

सोमवारी शुक्रवार ते रविवारचे आकडे बघून पुढचे शो ठरतात. ते ठरवणारा मल्टिप्लेक्सचा माणूस मुंबईत बसतो, त्याच्यासमोर एक शीट असते. त्या शीटवर रविवारी आमच्या नावापुढे कलेक्शन शून्य, ऑक्युपन्सी शून्य. शो लागला आणि कुणी आलं नाही, का लोक आले आणि कुलूप उघडलं नाही, हे लिहायला त्यात रकानाच नाही. मंगळवारपासून शो गेला. मी फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "सर, रविवारी झीरो आहे तुमचा." मी सगळी रामकहाणी सांगितली, त्याने ऐकून घेतली, म्हणाला मेल टाका. टाकला.

2009 साली हिंदीवाले निर्माते दोन महिने अडून बसले आणि मल्टिप्लेक्सकडून तिकिटाच्या पैशातला वाटा ठरवून घेतला, पहिल्या आठवड्याला 50 टक्के, मग 42.5, 37.5, 30. उतरता वाटा का होईना, पण पुढचे आठवडे मिळतील हे त्यात धरलेलं आहे. आमचा पिक्चर चालतो तो माणसाने माणसाला सांगून, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात, आणि तिथवर पोचूच देत नाहीत. आमच्या संघटनांच्या मीटिंगा मात्र प्राइम टाइमचे शो मिळावेत यावर तावातावाने चालतात, या शीटबद्दल तिथे कुणी अवाक्षर काढलेलं मी ऐकलेलं नाही.

मला अजून हे सुटत नाही की भांडायचं कुणाशी. मॅनेजरने वरचं ऐकलं, वरच्याने आकडा बघितला, लॅबच्या मुलाने नियम पाळला.

परवा व्हीपीएफचं, म्हणजे व्हर्च्युअल प्रिंट फीचं बिल आलं. रिळं गेली आणि डिजिटल मशीन आली तेव्हा त्या मशीनचा खर्च वसूल करायला म्हणून ही फी सुरू झाली, मशीन जुनी झाली तरी फी आहेच. बिल त्याच थिएटरचं, पूर्ण आठवड्याचं, स्क्रीन नंबर तीन. मी अकाउंटंटला सांगितलंय, रविवार वजा करून मागा आणि मंगळवारपासूनचे दिवसही, तोवर एक पैसा सोडू नका.