फक्कीच्या रेषेमागे सव्वा तास

मला आजही राग येतो तो त्या सव्वा तासाचा. ईस्टरला मैदानात लपवलेली रंगीत अंडी शोधायच्या खेळाला लहान लेकरांना न्यायचं असं कुणी म्हटलं, की डोळ्यांपुढे येते ती मिशन कंपाउंडमधली फक्कीची पांढरी रेषा आणि तिच्यामागे उन्हात उभी केलेली लेकरं.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले. मोटरसायकलवर चौघं तालुक्याला पोचलो, पहाटेची भक्ती झाली, चहा झाला, नावं लिहून झाली. सहा वर्षांचा थोरला आणि साडेतीन वर्षांची धाकटी, दोघांच्या हातात टोपल्या. साडेसातला खेळ सुरू होणार, असं आदल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारीच सांगितलं होतं.

साडेसात वाजले. उद्‌घाटनाचे पाहुणे यायचे होते.

"साहेब येऊन राहिले ताई, पाचच मिनटं," स्वयंसेवक पोरगा म्हणाला. पावणेआठलाही तेच, आठलाही तेच. २०२५ चा ईस्टर २० एप्रिलला आला होता, आणि आपल्याकडचा २० एप्रिल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आठनंतर जमीन तापायला लागते. पाहुण्यांसाठी मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या, त्या सावलीत रिकाम्या. लेकरं मात्र उघड्यावर. पाण्याचा माठ मैदानाच्या पलीकडे, आणि मैदानात पाऊल टाकायची मनाई.

अंडी रेषेवरून दिसत होती, हे सगळ्यात वाईट. लिंबाच्या बुडाशी एक गुलाबी अंडं होतं. "मम्मी, ते माझं," धाकटी म्हणाली. तासभर ती दुसरं काही बोललीच नाही. मग एक कावळा उतरला, त्यानं कडेचं एक अंडं फोडलं, आणि सगळी लेकरं नुसती बघत राहिली. एका बाळाची चड्डी ओली झाली. दोघं-तिघं रडायला लागली. मी म्हटलं, निदान चिंचेखाली तरी नेऊ द्या. उत्तर मिळालं, "रेषेवरून हालले तं नंबर जाईन तुमचा." साडेतीन वर्षांच्या पोरीचा कसला नंबर?

शेवटी मागच्या बाकावर बसणारी एक आजी उठली. "लेकराइले उन्हात कायले उभं केलं बाप्पा?" एवढंच म्हणून तिनं दोन पोरं बखोटीला धरली आणि चिंचेखाली चालू लागली. मी माझी दोन घेऊन तिच्यामागं. मग सगळ्याच आया निघाल्या. पाळकसाहेब धावत आले, आमच्याकडे पाहिलं, छोटी प्रार्थना केली आणि शिट्टी वाजवायला सांगितली. पावणेनऊ झाले होते. पाहुणे अजून यायचेच होते.

लहान गटाचा खेळ सहा मिनिटांत आटोपला. गुलाबी अंडं धाकटीलाच मिळालं. तिचा तो चेहरा पाहून मला रडू फुटलं.

जाणाऱ्यांनी आधी एक विचारून घ्यावं: उद्‌घाटनाला कुणी येणार आहे का? असेल तर लहानांना घरूनच उशिरा न्या. पाच वर्षांखालच्यांची जागा वेगळी हवीच, नाहीतर मोठी पोरं एका धावेत सगळं उचलतात. पाण्याची बाटली आपली आपल्याजवळ ठेवा.

मैदानातलं उकडलेलं अंडं खाऊ देऊ नका. ३२ अंशांच्या वर पारा असला तर उकडलेलं अंडंही तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चांगलं नाही, आणि ती तर पहाटेपासून ठेवलेली. आमच्या दोघांसाठी मी घरी वेगळी उकडून ठेवली होती. कांद्याच्या सालांच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून उकडली की तांबूस रंग चढतो, बिटाच्या पाण्यात गुलाबी होतात. पूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या काही थांबत नसत, म्हणून ईस्टरला घरोघरी अंड्यांचा ढीग असे, असं मी लेकरांना सांगितलं. थोरल्याला ते फार पटलं.

आणि हो, अंडी लपवणाऱ्यांना सांगा की दगडाखाली, विटांच्या ढिगात काही ठेवू नका. उन्हाळ्यात विंचू तिथंच असतो. कडक गोळ्याही लहान गटात नकोत, घशात अडकतात. आमच्या टोपलीत चार निघाल्या, मी काढून घेतल्या.

ईस्टरची तारीख पौर्णिमेवर ठरते, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही येतो. २०२६ चा ५ एप्रिलला आहे, २०२७ चा २८ मार्चला. ऊन जरा कमी असेल, पण मी त्यावर विसंबणार नाही. फक्की मारायचं काम मी पाळकसाहेबांकडून मागून घेतलंय. रेषा चिंचेच्या सावलीत पडेल, आणि भक्ती संपली की लगेच शिट्टी.