सुरुवात कुठून करू?

‘कृत्रिम बुद्धिमत्ता शिकायची आहे, सुरुवात कुठून करू?’ असं विचारणाऱ्याकडे बहुधा गणिताच्या पुस्तकांची लांबलचक यादी तयारच असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ती सध्या बाजूला ठेवा. आधी हाताने लिहिलेले आकडे ओळखणारं एक छोटं मॉडेल बनवा. त्यासाठी ‘एमनिस्ट’ हा चित्रसंच फुकट मिळतो. त्यात ६०,००० चित्रं सरावाची आणि १०,००० परीक्षेची.

प्रत्येक चित्र २८ × २८, म्हणजे ७८४ ठिपक्यांचं. ठिपक्याची उजळी ० ते २५५ असते, ती २५५ने भागून घ्या. मग ० ते ९ या दहा आकड्यांसाठी दहा बेरजा मांडायच्या. प्रत्येक बेरजेत दर ठिपक्याला त्याच्या ‘वेट’ने (त्या ठिपक्याला किती महत्त्व द्यायचं ते सांगणाऱ्या संख्येने) गुणायचं आणि शेवटी एक ‘बायस’ (त्या आकड्यासाठीची एक जादा संख्या) मिळवायचा. ज्याची बेरीज मोठी, तो आकडा उत्तर. सगळे वेट आणि बायस मिळून एकूण ७,८५० संख्या झाल्या. मॉडेल म्हणजे इतकंच. उत्तर किती चुकलं ते मोजायचं, चूक कमी होईल त्या दिशेला प्रत्येक संख्या किंचित सरकवायची आणि पुन्हा तेच. किती सरकवायचं ते ‘लर्निंग रेट’ ठरवतो. तो फार मोठा असला तर चूक हेलकावे खाते, फार लहान असला तर जागची हलत नाही. ०.१ने सुरुवात करा.

परीक्षेत साधारण ९२ टक्के उत्तरं बरोबर येतील.

आता कागदावर स्वतः ‘7’ लिहा, फोटो काढा आणि मॉडेलला द्या. बहुधा चुकेल! संचातली चित्रं काळ्यावर पांढरी आहेत, तुमचा फोटो पांढऱ्यावर काळा. शिवाय तिथे आकडा २० × २० च्या चौकटीत बसवून मधोमध आणलेला असतो. फोटोचे रंग उलटवून तो तसाच बसवला की उत्तर सुधारतं. ‘क’ दाखवलात तरी मॉडेल दहांपैकी एक आकडा सांगणारच, कारण ‘माहीत नाही’ हा पर्याय आपण दिलेलाच नाही. (हा प्रयोग बहुतेक जण टाळतात. टाळू नका.)

पुढे ठिपके आणि उत्तर यांच्या मध्ये १२८ न्यूरॉन्सचा (अशाच बेरजा करून निकाल पुढे देणाऱ्या घटकांचा) एक थर घाला. संख्या लाखावर जातात आणि अचूकता ९७-९८ टक्क्यांवर. इथे मात्र मॉडेल सरावाची चित्रं पाठ करू लागतं. म्हणून सरावातलीच ५,००० चित्रं तपासणीसाठी वेगळी काढा. सरावातली चूक घटतेय आणि तपासणीतली वाढतेय असं दिसलं की प्रशिक्षण तिथेच थांबवा. परीक्षेच्या १०,००० चित्रांना शेवटपर्यंत हात लावू नका.